पुड्याचा कागद आणि दोरा: किराणा दुकानात कुठे, किती, कसा ठेवायचा

पुडा बांधायला घेतला की डावा हात पुड्यावरून उठता कामा नये. एवढा एक नियम धरला की कागद कुठे ठेवायचा, दोरा कुठून सोडायचा आणि काटा कुठे मांडायचा, हे सगळं आपोआप ठरत जातं. ज्या दुकानात माणूस कागदासाठी वाकतो, मग दोऱ्याचं टोक शोधतो आणि शेवटी कात्रीसाठी गल्ल्याकडे वळतो, तिथे तेवढ्यात अर्धी मूठ साखर फळीवर सांडलेली असते.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि बरीच दुकानं कागदाकडे वळली. पण कागद आणून ठेवणं वेगळं आणि तो हाताशी असणं वेगळं. तयार कागदी पिशवी सोपी असते, पण महाग पडते आणि मैदा-रव्याला कोपऱ्यातून गळते. खाकी कागद आणि सुती दोरा यांची घडी एकदा नीट बसवली की दिवसाला शंभर पुडे कात्रीला हात न लावता होतात.

कागद कोणता

खाण्याच्या वस्तूला वर्तमानपत्राची रद्दी वापरायची नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमावलीत तसं स्पष्ट म्हटलं आहे, आणि कारणही डोळ्यांना दिसतं: शेंगदाणे, खोबरं, फरसाण अशा तेलकट मालाला शाई लगेच सुटते. वह्यांची लिहिलेली पानं, परीक्षेचे पेपर, जुनी बिलं यांनाही तेच लागू. रद्दी टाकून मात्र देऊ नका. अंगाचा नि कपड्यांचा साबण, रांगोळी, खिळे, मेणबत्त्या, उदबत्ती यांना ती उत्तम. फक्त तिचा कप्पा वेगळा हवा, आणि तोही खाकी कागदापासून दूर, नाहीतर घाईत हात चुकतो.

खाण्याच्या मालासाठी छपाई नसलेला, अन्नासाठी चालणारा खाकी कागद घ्या. जाडी ६० ते ८० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. साठच्या खालचा कागद मिरचीच्या देठांनी आणि चिंचेच्या चिंचोक्यांनी फाटतो. ऐंशीच्या वरचा घडी धरत नाही, दोरा बांधेपर्यंत उघडत राहतो. एकच जाडी ठेवायची असेल तर ७०. गूळ, चिंच आणि ओलसर खजूर यांना आत बटर पेपरचा तुकडा लागतोच. गुळाला नुसता खाकी कागद लावला की दोन दिवसांनी गिऱ्हाईक घरी कागद खरवडत बसतं.

रोल घ्यायचा की कापलेले ताव? दिवसाला तीस-चाळीस पुडे असतील तर ताव परवडतात. त्याच्या वर रोलच. ४५ सेंटीमीटर रुंदीच्या ७० जीएसएम रोलचं एक मीटर साधारण ३१ ग्रॅम भरतं, म्हणजे दहा किलोच्या रोलमध्ये ३१५ मीटरच्या आसपास कागद येतो. लहान-मोठे पुडे धरून सरासरी सात ग्रॅम कागद लागतो असं मानलं, तर रोज शंभर पुड्यांना दहा किलोचा रोल पंधरवडाभर पुरतो. यावरून आपल्या दुकानाचा हिशेब काढा.

मापं

४५ सेंटीमीटरच्या रोलवरून हे काप निघतात:

एक किलो साखर, तांदूळ, डाळ: ४५ × ३५ सेंटीमीटर, कागद ११ ग्रॅम
अर्धा किलो: ४५ × ३०, साडेनऊ ग्रॅम
पाव किलो: त्याचा अर्धा, म्हणजे साडेबावीस × ३०, पावणेपाच ग्रॅम
५० ग्रॅम जिरं, मोहरी: चतकोर, २२ × १५, सव्वादोन ग्रॅम
वेलची, लवंग, दहा ग्रॅम: चतकोराचा अर्धा, ११ × १५, सव्वा ग्रॅमच्या आत

पोहे, कुरमुरे आणि शेवया यांचं गणित वेगळं. पाव किलो पोह्यांना पाव किलो साखरेच्या दुपटीहून जास्त जागा लागते, तेव्हा पोह्यांसाठी एक माप वरचं घ्या. कुरमुऱ्यांच्या पुड्याच्या भानगडीत पडू नका. त्यांना पिशवीच बरी.

कागदाचं वजन मुद्दाम दिलं आहे. कागद पारड्यात मालाबरोबर गेला आणि वजा झाला नाही, तर पाव किलोत फरक दोन टक्क्यांच्या आसपास पडतो, जिऱ्याच्या पुडीत चार-पाच टक्के पडतो आणि दहा ग्रॅम वेलचीत जवळजवळ बारा टक्के. माल जितका महाग, तितकी पुडी लहान आणि तितकाच कागदाचा वाटा मोठा. भांडण नेहमी वेलचीवरून होतं ते उगाच नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी कागद ठेवून टेअरचं बटण दाबा, शून्य दिसू द्या, मग माल घाला. तागडी असेल तर वजनाच्या पारड्यात त्याच मापाचा कागद घालून धडा करा, म्हणजे दोन्ही पारडी बरोबरीला आणा. धड्याचे काप खिळ्याला टांगून ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा. दमट हवेत कागद पाणी धरतो आणि त्याचं वजन वाढतं.

दुपारच्या मोकळ्या वेळात साखरेचे पुडे आधीच बांधून ठेवायचा मोह होतो. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचा माल भरून ठेवला की कायद्याने तो ‘प्रीपॅक्ड’ ठरतो, आणि मग त्यावर नाव, निव्वळ वजन, किंमत, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना असं सगळं छापावं लागतं. तेव्हा दुपारी माल नाही, कागद कापून ठेवा. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांना हे काम सकाळी करावं लागेल, त्याला इलाज नाही.

कागदाची दिशा

कागदातले तंतू रोल ज्या दिशेने उलगडतो त्या दिशेने पसरलेले असतात. त्या दिशेने फाडला तर कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो. वर्तमानपत्र उभं फाडून बघा, मग आडवं, लगेच कळेल. घडीचंही तसंच. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी धारदार बसते, आडवी घातलेली परत उघडते.

एक किलोच्या कापात मुख्य घडी तंतूंच्या दिशेनेच पडते, म्हणून तो पुडा सहज बांधला जातो. पाव किलोच्या कापात मात्र कागद वळवून वापरावा लागतो आणि घडी आडवी पडते. नवशिक्याचे पाव किलोचे पुडेच का सुटतात, याचं कारण त्याच्या हातात नसून कागदात आहे. उपाय दोन: घडी नखाने दाबून काढा, किंवा दुकानात पाव किलोचा खप जास्त असेल तर साठ सेंटीमीटर रुंदीचा रोल घेऊन बावीस सेंटीमीटरवर फाडा आणि मधोमध कापा. तीस बाय बावीसचे दोन तुकडे मिळतात आणि दोन्हीत दिशा बरोबर येते.

रोलचा स्टँड

तयार स्टँड मिळतात. सुताराकडून करून घ्यायचा असेल तर दोन उभ्या फळ्या, मध्ये २० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आणि पुढे कागद फाडायला स्टीलची पातळ पट्टी, बस. रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीचं भोक बहुधा ७६ मिलिमीटरचं असतं. त्यात बारीक पाइप नुसता घातला तर रोल गचके खात फिरतो. नळीच्या दोन्ही तोंडांत बसणारे लाकडी गट्टू करून त्यांच्या मधोमध पाइपचं भोक पाडा.

पट्टीची धार कागदावर टेकलेली हवी. कागद आडवा, म्हणजे तंतूंच्या विरुद्ध फाडायचा असतो, त्यामुळे पट्टी आणि कागद यांच्यात फट राहिली की फाटलेली कड करवतीसारखी येते. हॅक्सॉचं ब्लेड लावणारे लोक असतात. ते कागद फाडतं आणि बोटंही.

खरी अडचण असते रोल जास्त फिरण्याची. झटक्याने ओढलं की हात थांबला तरी रोल थांबत नाही आणि दोन हात कागद खाली लोंबतो. यासाठी पाइपवर घट्ट नट लावून ब्रेक केलेला दिसतो. नवीन रोलवर तो छान चालतो, पण रोल बारीक होत गेला की तोच ब्रेक जड लागतो आणि कागद मध्येच फाटतो, कारण पाइपवरची अडवणूक तेवढीच राहते आणि ओढण्याचा व्यास कमी झालेला असतो. त्यापेक्षा मागच्या फळीला कॅनव्हासची चार बोटं रुंद पट्टी ठोका, ती रोलवरून पुढे आणा आणि टोकाला दोनशे ग्रॅमचं वजन शिवा. पट्टी रोलच्या पाठीवरच घासते, त्यामुळे रोल मोठा असो की लहान, ओढ जवळजवळ सारखी राहते.

स्टँडची जागा काट्याच्या डावीकडे, फळीच्या उंचीला. डाव्या हाताने कागद ओढायचा, उजव्याने फाडायचा, तोच डाव्या हाताने काट्यावर ठेवायचा. डावरा माणूस असेल तर सगळं उलट मांडा.

कापलेले ताव फळीखाली तिरक्या कप्प्यांत ठेवा, प्रत्येक मापाला एक कप्पा, पुढची कड चार बोटं खाली. सपाट कप्प्यात बोटाला कागदाची कड सापडत नाही आणि एकाच्या जागी तीन ताव येतात. पंख्याखाली वर एक दगड लागतोच. लहान चतकोर तारेच्या आकड्याला ओवायचे असतील तर भोक कोपऱ्यात, कडेपासून दीड सेंटीमीटरवर पाडा. ओढल्यावर फक्त कोपरा फाटतो. मधोमध भोक पाडलेल्या चतकोरातून मोहरी गळते.

दोरा

पुड्याला सुती दोरा. दहा नंबरचा तीन पदरी घेतला तर अर्ध्या किलोच्या कोनात, म्हणजे निमुळत्या नळीवर गुंडाळलेल्या रिळात, सुमारे २८०० मीटर मिळतो. एक किलोच्या पुड्याला जवळपास एक मीटर, अर्ध्या किलोला पाऊण, पाव किलोला साठ-बासष्ट सेंटीमीटर लागतो. रोज शंभर पुडे म्हणजे ऐंशी मीटर, म्हणजे एक कोन महिन्याहून थोडा जास्त चालतो.

नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा घेऊ नका. तो हाताने तुटत नाही, बोट कापतो आणि गाठ सरकते. सुतळी फक्त मोठ्या गाठोड्याला, आणि तीही कागदाच्या वरून. ताग कातताना त्याला तेल लावतात, त्याचा उग्र वास सुतळीला असतो आणि साखर तो ओढून घेते.

दोरा वरून आला पाहिजे. छताला किंवा मांडणीच्या वरच्या फळीला पत्र्याचा डबा टांगा, झाकण खाली, झाकणाला मधोमध भोक. भोकाच्या कडा पत्र्याच्या असल्या तर दोरा आठवड्यात पिंजतो. तिथे पितळी आयलेट (भोकात बसवायची गुळगुळीत कडी) किंवा काचेचा मोठा मणी बसवा. आत दोऱ्याचा गुंडा असेल तर दोरा आतल्या टोकाने, गाभ्यातून काढा. बाहेरच्या टोकाने काढला तर गुंडा डब्यात गरगर फिरतो. कोन असेल तर निमुळतं टोक भोकाकडे ठेवा. उलटा टांगलेला कोन पंख्याच्या हादऱ्याने वेटोळी सोडतो, म्हणून त्याच्याभोवती सैलसर सुती कापड गुंडाळा.

भोकातून आलेला दोरा थेट खाली सोडला तर तोडल्यावर टोक वर सटकतं. मध्ये एक लाकडी पट्टी लावा, तिला तीन भोकं, दोरा नागमोडी ओवा. एवढ्या घर्षणाने टोक जिथल्या तिथे राहतं. ते फळीपासून एक वीत वर, काट्याच्या उजवीकडे लोंबलं पाहिजे. काट्याच्या अगदी वर नको: पारड्याला दोरा टेकला की इलेक्ट्रॉनिक काटा दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो आणि गिऱ्हाईकाची नजर नेमकी तिथेच असते. पंख्याने टोक उडत असेल तर पट्टीच्या खाली दोऱ्यावर एक हलका वायसर ओवा.

गुंडा एक तृतीयांश उरला की गाभा कोसळतो आणि एकदम मूठभर गुंता बाहेर येतो. तसं होण्याआधीच उरलेला गुंडा अरुंद डब्यात टाका.

बांधणी

कागदाची लांब बाजू पोटाकडून समोर. माल मधोमध, डावीकडून उजवीकडे लांबट ढीग करून. जवळची आणि समोरची कड एकत्र उचला, जुळवा, दीड सेंटीमीटरची घडी घाला आणि मालावर टेकेपर्यंत परत परत घडी घालत आणा. साखर-तांदळाला दोन घड्या, मैदा-बेसनाला तीन. डावं तोंड दोन्ही बाजूंनी आत दाबून त्रिकोण करा आणि खाली दुमडा. मग पुडा त्या तोंडावर उभा करून दोनदा आपटा. हे आपटणं विसरलं की माल रस्त्यात बसतो, पुडा ढिला होतो आणि दोरा आपोआप सुटतो. आता दुसरं तोंड बंद करा आणि पुडा आडवा ठेवा, दोन्ही त्रिकोण खाली.

दोऱ्याचं टोक पाच-सहा सेंटीमीटर मोकळं सोडून पुड्याच्या मध्यावर डाव्या अंगठ्याखाली दाबा. इथून पुढे हा अंगठा हलत नाही. उजव्या हाताने दोरा लांबीला एक वेढा घाला, मध्यावर काटकोनात वळवा, रुंदीला दुसरा वेढा घाला, फुलीच्या खालून काढा, ताणा. मोकळ्या टोकाशी एक अर्धी गाठ आणि तिच्यावर सुरगाठ. निरगाठ मारली तर घरी पुडा फाडूनच उघडावा लागतो आणि उरलेली साखर परत बांधता येत नाही.

तोडताना कात्री नको. दोरा डाव्या तर्जनीला दोन वेढे घाला, उजव्या हातातला दोरा त्याच्यावरून आडवा नेऊन फास करा आणि झटका द्या. दोरा दोऱ्यालाच कापतो. हळू ओढलं तर तुटत नाही, नुसतं बोट काचतं. पिनेचा वापर मात्र कुठेच नको; पिन डाळीत जाते आणि डाळ कुकरमध्ये.

साठा

कागद जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे वाळवीची मातीची रेघ दिसते तरी. रोल आडवे ठेवा. उभ्या रोलची खालची कड ओल धरते आणि मग पुढचा सगळा कागद एका बाजूने लांबतो, स्टँडवर तिरका चालतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचा साठा महिन्याहून जास्त करू नका. दमट कागद मऊ पडतो, घडी धरत नाही. त्यावर उपाय म्हणून उन्हात टाकला तर कडा वळतात. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचे ताव आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवा.

कागद वास ओढतो. फिनेल, धुण्याचा साबण, उदबत्ती, कापूर यांच्या शेजारी ठेवलेल्या कागदाचा वास पोह्यांना लागतो आणि बोल पोह्यांच्या वाट्याला येतो. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायच्या नाहीत, तोच प्रकार होतो. कोपऱ्यात वेखंडाचे दोन तुकडे कापडात बांधून ठेवायला हरकत नाही.

घरगुती कागदी पिशव्या घेत असाल तर खळ कशाची आहे हे विचारा. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही म्हणून; मोरचूद विषारी आहे, खाण्याच्या पिशवीला ती खळ चालत नाही. बिनमोरचुदाच्या खळीला झुरळं येतात, त्यामुळे या पिशव्या झाकणाच्या डब्यातच. रचताना पंचवीस तळ इकडे, पंचवीस तिकडे. सगळे तळ एका बाजूला आले की थप्पी कलंडते.

रात्री दुकान आवरताना रोलचं मोकळं टोक बोटभर मागे दुमडून पट्टीखाली अडकवा. नाहीतर सकाळपर्यंत ते गुंडाळून आत जातं आणि पहिल्याच गिऱ्हाईकासमोर नखाने कड शोधत बसावं लागतं.